लेआ म्हणजे ‘थकलेली’? मुलीला पणजीचं हे नाव द्यावं का?

वाचकाचा प्रश्न: ठाण्याला राहणाऱ्या एका ताईंना दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. त्यांच्या आईची आई अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, कुटुंबातली. तिचं नाव लेआ, पण गावात सगळे लेआबाई म्हणत. लहानपणी या ताई तिच्याकडेच वाढल्या. ती गेली तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की मुलगी झाली तर हेच नाव ठेवायचं. सासरचं घर हिंदू. सासूबाईंनी मोबाइलवर नावाचा अर्थ शोधला, तर एका ठिकाणी ‘थकलेली’, दुसरीकडे ‘गाय’ आणि तिसरीकडे ‘नाजूक डोळ्यांची’ असं निघालं. वर कुणीतरी सांगितलं की बायबलमधली लेआ नवऱ्याची नावडती होती. सासूबाई म्हणतात, “असलं नाव लेकराच्या कपाळी कशाला?” नणंदेने तोड सुचवली आहे, ‘लिया’ ठेवा, मॉडर्न वाटतं आणि जवळचंही आहे. नवरा म्हणतो, “तुम्ही बायका ठरवा.” बारसं पुढच्या महिन्यात आहे. ताई विचारतात, अर्थ चांगला नसला तरी हे नाव ठेवण्याचा हट्ट धरावा का?

प्रिय ताई,

मुलीचं मनापासून अभिनंदन. तुमच्या पत्रात घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की लेआ या नावाला एक पक्का अर्थ आहे आणि तो वाईट आहे. तुम्हीही ते मान्य करूनच लिहिलं आहे. म्हणून हट्ट धरावा की सोडावा हे नंतर पाहू, आधी हा अर्थ आला कुठून ते बघू.

हे नाव पहिल्यांदा येतं बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात, १६व्या वचनात. लाबानाला दोन मुली होत्या, थोरली लेआ आणि धाकटी राहेल, एवढंच तिथे सांगितलं आहे. एरवी हे पुस्तक नावांच्या बाबतीत फार बोलकं आहे. हसण्यावरून इसहाक, जन्मताना भावाची टाच धरली म्हणून याकोब, असं ते थांबून सांगतं. लेआच्या सहाही मुलांच्या नावांची कारणं त्यात दिली आहेत. लेआचं नाव लेआ का, हे मात्र त्यात कुठेही नाही. सासूबाईंना मोबाइलवर दिसलेले तिन्ही अर्थ नंतरच्या लोकांनी जोडलेले आहेत, आणि तिन्हींची वाट वेगवेगळी आहे.

‘थकलेली’ हा अर्थ आला अक्षरांवरून. हिब्रूत हे नाव ‘लामेद’, ‘आलेफ’, ‘हे’ अशा तीन अक्षरांनी लिहितात. याच तीन अक्षरांचं एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ थकणं, टेकीला येणं. सदोमची माणसं लोटाच्या घराचं दार चाचपडून थकली (उत्पत्ती १९:११), तिथे हेच क्रियापद आहे. नाईलचं पाणी पिणं मिसरी लोकांना नकोसं होईल (निर्गम ७:१८), तिथेही हेच. अक्षरं जुळली म्हणून कोशकारांनी नावाला तो अर्थ लावला. अशक्य नाही. आईचं बाळंतपण जड गेलं असेल म्हणून तसं नाव पडलं, असा तर्क करता येतो, पण त्याला ग्रंथात आधार नाही.

‘गाय’ हा अर्थ शेजारच्या भाषांमधून येतो. प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत ‘लित्तू’ म्हणजे गाय, आणि अरबीतही रानगुरांसाठी या नावाशी जुळणारा शब्द आहे. हे मत बऱ्याच अभ्यासकांना पटतं. कारण उघड आहे, धाकटी बहीण राहेल म्हणजे मेंढी, आणि त्याबद्दल कसलीच शंका नाही. यशया ५३:७ मध्ये लोकर कातरणाऱ्यांपुढे गप्प राहणारी मेंढी येते, तिथे मूळ शब्द ‘राहेल’ हाच आहे. मेंढरं-गुरं पाळणाऱ्या घरात एका मुलीचं नाव मेंढीवरून असेल, तर दुसरीचं गायीवरून असणं साहजिक वाटतं. अक्कादीतच ‘समर्थ असणं’ या अर्थाचा एक धातू आहे, आणि काही जण नावाचा संबंध त्याच्याशीही लावतात.

सासूबाईंना या ‘गायी’चं वाईट वाटलं असेल तर त्यांना एवढंच विचारा, नंदिनी कोण? वसिष्ठांच्या आश्रमातली गाय. सुरभी कोण? कामधेनूच. या दोन्ही नावांच्या मुली आपल्या ओळखीत असतातच, आणि त्यांच्या बारशाला कुणी नाक मुरडलं नव्हतं. हिब्रू ग्रंथातली कितीतरी नावं अशीच आहेत. दबोरा म्हणजे मधमाशी, आणि ही दबोरा तर न्यायनिवाडा करणारी, सैन्य उभं करणारी. याएल म्हणजे डोंगरातली रानशेळी. मोशेची बायको सिप्पोरा, म्हणजे पक्षीण. तामार म्हणजे खजुराचं झाड. दावीदाच्या एका बायकोचं नाव एग्ला, म्हणजे कालवड, आणि हा अर्थ लेआसारखा अंदाजाचा नाही, अगदी सरळ आहे. गुरांवर ज्यांचं पोट होतं त्या समाजात गाय हे लाडाचं, भरभराटीचं नाव. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

आता तो ‘नाजूक डोळ्यांचा’ तिसरा अर्थ. ही सरळसरळ गल्लत आहे, आणि नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवल्या जातात म्हणून ती सगळीकडे पसरली. पुढच्याच वचनात, २९:१७ मध्ये, लेआच्या डोळ्यांना ‘रक्कोत’ म्हटलं आहे आणि राहेल रूपाने देखणी होती असं म्हटलं आहे. ‘रक्कोत’ हे डोळ्यांचं विशेषण आहे. लेआ या नावाशी त्याचा काही संबंध नाही. पण यादी करणाऱ्या कुणीतरी ते उचलून नावाच्या पुढे लिहिलं, आणि मग ‘लेआ म्हणजे नाजूक’ असं फिरत राहिलं.

ते विशेषण तरी वाईट आहे का? ‘रक्कोत’चं मूळ रूप ‘रख’, म्हणजे मऊ, कोवळं. अब्राहामाने पाहुण्यांसाठी कळपातून निवडलेलं वासरू ‘रख’ होतं (उत्पत्ती १८:७). मऊ उत्तराने राग शमतो या नीतिसूत्रातलं (१५:१) ‘मऊ’ म्हणजे हाच शब्द. डोळे कोवळे होते म्हणजे दृष्टी अधू होती की नजर हळुवार होती, यावर दोन हजार वर्षं मतभेद आहेत. ग्रीक भाषांतराने ‘दुबळे’ म्हटलं, लॅटिनने त्याहून पुढे जाऊन ‘चिपडे’ असा शब्द वापरला. उलट ओंकेलोसच्या अरामी भाषांतरात लेआचे डोळे सुंदर होते असं आहे. यहुदी धर्मचर्चेचा ग्रंथ तालमूद, त्यात (बावा बत्रा १२३अ) आणखी एक कारण मिळतं, डोळे रडून रडून तसे झाले होते. लोक म्हणत, लाबानाच्या दोन मुली आणि त्याची बहीण रिबका हिचे दोन मुलगे, तेव्हा थोरली थोरल्याला आणि धाकटी धाकट्याला. थोरला म्हणजे याकोबाचा भाऊ एसाव. त्याच्या वागण्याचं लेआच्या कानावर आलं आणि त्याच्याशी गाठ पडू नये म्हणून ती रडत राहिली. नकोशा स्थळाच्या धास्तीने रडलेली मुलगी. मला ही सगळ्यांत माणसासारखी वाटणारी व्याख्या वाटते.

राहिला ‘नावडती’चा मुद्दा. इथे मी तुमच्या बाजूने युक्तिवाद करून तो उडवून लावणार नाही, कारण ते खरं आहे. लेआचा नवरा याकोब. त्याने राहेलसाठी सात वर्षं राबून दिली आणि लग्नाच्या रात्री लाबानाने थोरलीला पुढे केलं. सकाळी उघडकीला आलं तेव्हा लाबानाचं उत्तर होतं, “थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्याकडे रीत नाही.” हे वाक्य आपल्या कानांनाही परकं नाही. आठवड्याभराने राहेलही त्याच घरात आली, आणखी सात वर्षांच्या चाकरीच्या बोलीवर. लेआसाठी २९:३१ मध्ये ‘सनूआ’ असा शब्द आहे, नावडती, अगदी द्वेषाच्या जवळ जाणारा. या सगळ्या फसवणुकीत लेआला कुणी काही विचारलं होतं असं ग्रंथ कुठेही म्हणत नाही.

पण त्यापुढची चार वचनं घरात एकदा मोठ्याने वाचा, २९:३२ ते ३५. त्यात लेआ काय करते? ती नावं ठेवते. तुमच्या घरात आज जो विषय आहे, तोच तिथे आहे. पहिला मुलगा झाला, तिने त्याला रऊबेन म्हटलं, ‘पाहा, मुलगा’. म्हणाली, परमेश्वराने माझं दुःख पाहिलं, आता नवरा माझ्यावर प्रेम करील. दुसरा शिमोन, ऐकण्यावरून. मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. तिसरा लेवी, जोडण्यावरून. आता तरी नवरा माझ्याशी जोडला जाईल. तिन्ही नावांत नवऱ्याची वाट पाहणं आहे. चौथ्याच्या वेळी ती म्हणते, “या वेळी मी परमेश्वराची स्तुती करीन,” आणि मुलाचं नाव ठेवते यहूदा. त्या वाक्यात नवरा नाही. पुढे जबुलूनच्या वेळी (३०:२०) ती पुन्हा नवऱ्याबद्दल बोलते, म्हणजे दुखणं एका दमात संपलेलं नाही. माणसाचं तसंच असतं. पण ते चौथं नाव टिकलं. यहूदाच्या वंशात दावीद, लेवीच्या वंशात मोशे आणि अहरोन, आणि ‘यहुदी’ हा शब्दच मुळात यहूदावरून आलेला. एका अख्ख्या समाजाची ओळख ज्या नावाने होते, ते नाव लेआने ठेवलेलं आहे. तालमूदमध्ये (बराखोत ७ब) तर म्हटलं आहे की जग निर्माण झाल्यापासून देवाची अशी स्तुती लेआच्या आधी कुणी केली नव्हती.

परंपरेने तिला काय मान दिला, हेही सासूबाईंना सांगा. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होताना यहुदी घरांत आईवडील मुलींच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, “देव तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी करो.” रूथच्या पुस्तकात (४:११) वेशीवरचे वडीलधारे नव्या सुनेसाठी जो आशीर्वाद मागतात, त्यातही राहेलच्या जोडीला लेआ आहे, “ज्या दोघींनी इस्राएलचं घर उभारलं.” घरात येणाऱ्या सुनेला ‘लेआसारखी हो’ म्हणत. आणि शेवटी हेब्रोनच्या मकपेला गुहेत, घराण्याच्या जागेत, लेआला याकोबाने पुरलं, आणि मरताना स्वतःलाही तिथेच न्यायला सांगितलं (४९:२९ ते ३१). राहेलची कबर वाटेवर, बेथलेहेमजवळ.

हे सांगून झाल्यावर एक गोष्ट तुमच्या सासूबाईंच्या बाजूने. ‘नावाने काय होतं’ असं म्हणून त्यांची काळजी झटकू नका. नाव मुलीला बोचू शकतं हे महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या मुली होत्या, आणि २०११ मध्ये जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन २८५ मुलींची नावं बदलली. तिथे नावाचा अर्थ कुणाला कोशात शोधावा लागत नव्हता. ठेवणाऱ्यांच्या मनात तोच होता, आणि हाक मारली की तो मुलीला दररोज ऐकू येई. तुमच्या बाबतीत नाव ठेवणारीच्या मनात काय आहे? जिने तुम्हाला वाढवलं ती आजी. मुलीने उद्या विचारलं, माझं नाव असं का, तर तुमच्याकडे द्यायला खरंखुरं उत्तर आहे. माझ्या लेखी नावाची हीच कसोटी.

आता थोडं तुमच्या घराकडे वळते. सासूबाईंचा आक्षेप खरोखर अर्थावरच आहे का? उद्या याद्यांमध्ये ‘लेआ म्हणजे तेजस्विनी’ असं छापून आलं, तर त्या लगेच हो म्हणतील का? मला तसं वाटत नाही. नातीचं नाव पूर्ण माहेरच्या बाजूचं, त्यातून ऐकणाऱ्याला धर्म वेगळा वाटेल असं. “तुम्ही कोण?” हा प्रश्न आपल्याकडे पहिल्या भेटीत आडनावाआडून विचारला जातो, आणि नाव लेआ म्हटल्यावर तो नक्की येईल. ही धास्ती बोलून दाखवायला अवघड, म्हणून ती अर्थाच्या रूपाने बाहेर आली असणं शक्य आहे. तसं असेल तर कोश कितीही उलगडले तरी वाद मिटणार नाही. त्यांना थेट, प्रेमाने विचारा. आणि सांगा की नावाने धर्म ठरत नाही. नातीचं आडनाव, घरचे सण, देव्हारा सगळं आहे तिथेच राहणार आहे.

त्याचबरोबर स्वतःलाही एक प्रश्न विचारा. सासरी तुमच्या आजीबद्दल आजवर किती बोललं गेलं? पत्रात तुम्ही लिहिलं आहे की तिचा फोटो अजून कपाटातच आहे. मग सासूबाईंच्या दृष्टीने लेआ हे कोण्या परक्या ग्रंथातलं नाव आहे, माणसाचं नाहीच. बारशाच्या आधी आजी त्यांना भेटवा. ती काय रांधायची, कशी बोलायची, कुठल्या गावची होती. बेने इस्राएल मंडळी कित्येक पिढ्या कोकणात मराठी बोलत आली. तेलाच्या घाण्याचा धंदा, आणि शब्बाथमुळे शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. गावावरून आडनावं, पेणकर, रोहेकर, किहीमकर. १८७४ मध्ये पुण्यात छापलेला वल्हांडण सणाचा हग्गादा ग्रंथ हिब्रूबरोबर मराठीत आहे. बहुतेक मंडळी १९४८ नंतर इस्राएलला गेली, पण तिथेही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिली. तेव्हा तुमच्या मुलीला तुम्ही परदेशी नाव देत नाही आहात. लेआ हे नाव अलिबागच्या वाड्यांमध्ये आणि मराठी ख्रिस्ती घरांमध्येही मराठीच होऊन राहिलेलं आहे.

नणंदेच्या ‘लिया’बद्दल. गोड आहे, वाईट काहीच नाही. पण ते लेआचं आधुनिक रूप आहे असं समजून ठेवू नका. इटालियनमध्ये लेआला लिया म्हणतात हे खरं, पण तिकडे रोझालिया, अमालिया अशा नावांचं ते लाडाचं रूपही आहे. आजच्या इस्राएलमध्ये मुलींचं ‘लिया’ हे नाव आवडीचं आहे, पण ते ‘लामेद’, ‘योद’, ‘हे’ अशा वेगळ्या अक्षरांनी लिहितात आणि ‘देव माझा’ असा त्याचा अर्थ लावतात. मधला आलेफ गेला की ते दुसरं नाव झालं. तुम्हाला फक्त कानाला गोड नाव हवं असेल तर लिया जरूर ठेवा. आजीचं नाव हवं असेल तर ते लेआ आहे, आणि तडजोड म्हणून लिया ठेवलंत तर सासूबाईंनाही त्यांच्या मनासारखं मिळणार नाही आणि तुम्हालाही.

एक अडचण मात्र आहे, आणि ती अर्थाच्या तिन्ही आक्षेपांपेक्षा खरी आहे. हिंदीत ‘ले आ’ म्हणजे ‘घेऊन ये’. ठाण्या-मुंबईच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात कुणीतरी “लेआ, पानी ले आ” म्हणणार. हे आधीच धरून चाला. यावर उपाय उच्चारात आहे. हिंदीतल्या ‘ले आ’त दोन शब्द तुटक येतात. नावात जोर दुसऱ्या अक्षरावर, आणि मराठी तोंडात मध्ये हलकासा ‘य’ येऊन ते ‘लेया’सारखं ऐकू येतं. घरात सगळ्यांनी पहिल्यापासून तसं म्हटलं तर ते एकच नाव म्हणून रुळतं. आजीला गावात ‘लेआबाई’ म्हणत, तेव्हा ‘बाई’ मागे लागल्यामुळे हा प्रश्नच आला नसणार. तुम्हाला हे चिडवणं फार खुपेल असं वाटत असेल, तर निर्णय घेण्याआधी दोन-तीन दिवस बाळाला घरात लेआ म्हणून हाक मारून पाहा. हाक मारून पाहिल्याशिवाय नाव कळत नाही.

तुमच्यासारख्या पेचात असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडं. हिब्रू ग्रंथातलं नाव ठेवायचं असेल तर अर्थ एका यादीवरून घेऊ नका. आधी ते नाव हिब्रूत कुठल्या अक्षरांनी लिहितात ते पाहा, कारण इंग्रजीत सारखी दिसणारी दोन नावं मुळात वेगळी निघतात. मग ग्रंथ स्वतः त्या नावाचं कारण देतो का ते पाहा. रूथची सासू नामी म्हणते, मला नामी म्हणजे सुखद म्हणू नका, मारा म्हणजे कडू म्हणा (रूथ १:२०). तिथे अर्थ पक्का, कारण गोष्टच त्यावर उभी आहे. ग्रंथ गप्प असेल तर कोशातला अर्थ अंदाज समजा. मिर्यामचंच बघा. कुणी कडूपणाशी जोडतं, कुणी बंडाशी, कुणी मिसरी भाषेतल्या ‘प्रिय’शी. एकमत नाही, तरी त्याच नावावरून जगभर मरिया, मेरी, मरियम झाल्या. आणि नावाचा अर्थ व त्या नावाच्या बाईची गोष्ट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. याएलचा अर्थ निरुपद्रवी, रानशेळी, पण गोष्टीत तिने शत्रूचा सेनापती सीसरा याच्या कानशिलात मेख ठोकली. दलीलाचा अर्थ संदिग्ध, पण नाव ऐकताच लोकांना शमशोनाचे कापलेले केस आठवतात. लोक कोश घेऊन फिरत नाहीत, गोष्ट मात्र त्यांना ठाऊक असते. म्हणून निवड करताना गोष्टीला जास्त वजन द्या.

ताई, माझं मत विचाराल तर लेआ ठेवा. सासूबाईंना आणखी एक वाट मोकळी ठेवा. जन्मनाव आणि व्यवहारातलं नाव वेगळं असण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. पत्रिकेच्या अक्षरावरून येणारं जन्मनाव त्यांना ठेवू द्या, आणि ते पाळण्यावर मानाने घेऊ द्या. बाळाचं नक्षत्र भरणी आणि चरण तिसरा निघाला, तर अक्षर ‘ले’च येतं, म्हणून पत्रिका बघायला तुम्हीही ना म्हणू नका. कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. म्हणजे तुमच्या नणंदेचा. तिला ऐन वेळी कागदावर लिहून देऊ नका. आधीच बोलवा, आजीबद्दल सांगा, उच्चार चार वेळा म्हणून घ्या. तिच्या ‘लिया’चा मान राखायचा असेल तर तो घरातलं लाडाचं नाव म्हणून राहू शकतो, फक्त कागदावर येऊ देऊ नका.

बारशापर्यंत एकमत झालं नाही तर घाबरू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती तुमची झाली असेलच. मुलीचं नाव त्यात नंतर भरता येतं, बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा भरलेलं नाव बदलणं मात्र कटकटीचं, म्हणून घाईने ‘लिया’ भरून ‘बघू नंतर’ असं करू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो, तेव्हा तिथली अक्षरं आयुष्यभर सोबत राहतात. इंग्रजीत एल-ई-ए-एच असं लिहा. शेवटचा एच उच्चारात येत नाही, हिब्रूतल्या शेवटच्या ‘हे’ अक्षराची ती खूण आहे, पण तो ठेवलात तर नाव जगात कुठेही ओळखलं जाईल. मराठीत ‘लेआ’ लिहा. मराठी बायबलमध्येही हेच रूप आहे. आधार काढताना संगणक इंग्रजीवरून मराठी आपोआप भरतो आणि ‘लेह’ किंवा ‘लीह’ करून ठेवतो, तेव्हा पावतीवर सही करण्याआधी मराठी ओळ स्वतः वाचा आणि चूक असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या. आजीचा जुना दाखला, रेशनकार्ड, काही घरात असेल तर त्यावर नाव कसं आहे तेही एकदा पाहून ठेवा. ‘लेआबाई’ असेल तर ‘बाई’ सोडून बाकीचं तसंच घ्या.